किमतीची चिठ्ठी आधी, काचेचे छत नंतर : पॅरिसच्या बाँ मार्शेचे प्रकरण

नागपुरात मोठ्या दुकानाचा विषय निघाला की चर्चा बहुधा इमारतीपासून सुरू होते. मजले किती, सरकता जिना आहे का, गाड्यांसाठी तळघर आहे का, दर्शनी काच किती रुंद, यावर बराच वेळ जातो. मालाचा भाव कोण ठरवणार आणि नको झालेला माल परत घेणार की नाही, हे प्रश्न चहा संपता संपता येतात. जगातील आरंभीच्या आणि सर्वांत गाजलेल्या डिपार्टमेंट स्टोअरपैकी एक, म्हणजे पॅरिसचे बाँ मार्शे, ज्या क्रमाने उभे राहिले तो क्रम याच्या नेमका उलट होता. म्हणून इतवारी, गांधीबाग आणि सीताबर्डी येथील कापड व्यवसायातल्या घरांसाठी, तसेच वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी, या एका दुकानाची 1852 ते 1887 या पस्तीस वर्षांतील वाटचाल येथे प्रकरण म्हणून मांडली आहे. पुढचा इतिहास जेवढा उपयोगी तेवढाच घेतला आहे.

1852 : बारा माणसांचे दुकान

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावर, रू द सेव्र आणि रू द्यु बाक या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, विदो बंधूंनी 1838 मध्ये एक दुकान काढले होते. चार विभाग, बारा नोकर आणि सुमारे तीनशे चौरस मीटर जागा, एवढाच त्याचा पसारा. कापड, गाद्यांचे सामान, रेशमी फिती असा माल तेथे विकला जाई. शहराचा श्रीमंती थाट नदीच्या उजव्या तीरावर होता, त्यामुळे जागेचा दबदबा म्हणावा असा काही नव्हता. 1852 मध्ये आरिस्तीद बुसिको या दुकानात भागीदार म्हणून आले. नॉर्मंडीतील बेलेम गावी 1810 साली टोप्या विकणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला होता आणि पॅरिसमध्ये पती सँ-तोमा नावाच्या दुकानात शालींच्या विभागाचे प्रमुख होईपर्यंत त्यांनी नोकरी केली होती. त्यांच्या पत्नी मार्गरीत गरीब घरातून आलेल्या आणि एका छोट्या खाणावळीत काम केलेल्या होत्या. या प्रकरणाच्या उत्तरार्धात त्यांचे स्थान पतीहून कमी नाही.

काळाचे भान यावे म्हणून एवढे सांगितले पाहिजे, की त्या वर्षी नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि 1854 मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. नागपूर आणि उमरेडच्या कोष्ट्यांनी विणलेली रेशीमकाठी वस्त्रे त्या काळीही नावाजलेली होती. माल, विणकर, सावकार आणि गिऱ्हाईक हे सर्व येथे होते. विक्रीची पद्धत मात्र गादीवरची होती, आणि पॅरिसच्या बहुतेक दुकानांतही ती तत्त्वतः तशीच होती. दुकानात पाऊल टाकणे म्हणजे खरेदीचा शब्द देणे, असा अलिखित करार होता. माल फडताळात किंवा पोतडीत असे, विक्रेता माणूस पाहून भाव सांगे, घासाघीस होई, आणि काही न घेता उठणाऱ्याकडे दुकानदार ज्या नजरेने पाही ती नजर टाळण्यासाठी पुष्कळजण दुकानाच्या पायरीवर चढतच नसत.

घासाघीस का सोडली

बुसिकोंनी केलेल्या बदलांची यादी व्यवस्थापनाच्या पुस्तकांत एका दमात दिलेली असते: प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी, सर्वांना एकच भाव, कोणालाही विनाबंधन प्रवेश, न आवडलेला माल परत घेणे, कमी नफा आणि जास्त उलाढाल. यातील कोणतीही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. ठरलेला भाव आणि मालाची खुली मांडणी पती सँ-तोमामध्ये त्यांनी नोकर म्हणून पाहिली होती. त्यांचे वेगळेपण असे, की हे सुटे भाग एकमेकांशिवाय चालत नाहीत हे त्यांनी ओळखले आणि सगळे एकाच छपराखाली, अपवाद न करता, वर्षानुवर्षे चालवले.

ठरलेल्या भावाचे समर्थन आपल्याकडे प्रामाणिकपणाच्या भाषेत केले जाते. त्यात तथ्य आहे, पण प्रकरणाच्या दृष्टीने त्याहून मोठे कारण कारभाराचे आहे. भाव करणे हे मालकाचे काम असते. खरेदीची किंमत, हातातील शिल्लक, समोरच्या घराशी असलेला जुना संबंध आणि त्या दिवसाचा गल्ला हे सगळे ज्याच्या डोक्यात आहे, तोच किती सोडायचे ते ठरवू शकतो. बारा नोकरांच्या दुकानात मालक प्रत्येक सौद्यावर कान ठेवू शकतो. शंभर नोकर झाले की त्याला एक तर प्रत्येकावर भाव सोडण्याचा अधिकार सोपवावा लागतो, किंवा तो अधिकार सर्वांकडून काढून घेऊन चिठ्ठीला द्यावा लागतो. 1877 पर्यंत बाँ मार्शेमध्ये 1,788 माणसे कामाला होती. घासाघीस चालू ठेवून ही संख्या गाठणे शक्य नव्हते. इतवारीतील अनेक सधन पेढ्या तीन पिढ्यांनंतरही दोन गाळ्यांच्या पुढे का गेल्या नाहीत, याचे एक उत्तर येथे सापडते: भाव सोडण्याची चावी काका, मोठा मुलगा आणि फार तर जुने दिवाणजी यांच्यापलीकडे कोणाच्या हाती कधी गेलीच नाही.

चिठ्ठीमुळे दुसरी गोष्ट साधली. नवख्या विक्रेत्याला भाव करण्याची कला शिकवण्यात वर्षे घालवावी लागेनात. त्याने माल दाखवायचा, मोजायचा, बांधायचा. आणि ज्या बाईला फक्त पाहायचे आहे तिला कोणाला काही विचारण्याची गरज उरली नाही, कारण प्रश्नाचे उत्तर कापडालाच टाचलेले होते.

कमी नफ्याचा हिशेब

कमी नफ्यावर जास्त विक्री हे वाक्य इतके घासले गेले आहे की त्यामागचे गणित एकदा मांडलेले बरे. समजा दुकानात खरेदीच्या भावाने एक लाख रुपयांचा माल आहे. त्यावर चाळीस टक्के चढवून तो वर्षातून एकदाच विकला गेला, तर ढोबळ नफा चाळीस हजार. तोच माल पंधरा टक्क्यांवर वर्षातून चार वेळा फिरला, तर साठ हजार. गुंतलेली रक्कम दोन्हीकडे एकच आहे. फरक फिरण्याच्या वेगात आहे; आणि माल लवकर फिरायचा तर दोन गोष्टी लागतात, भरपूर माणसांचा राबता आणि रोख विक्री. बुसिकोंनी उधारी ठेवली नाही. गिऱ्हाईक रोख देई आणि विणकर-कारखानदारांची देणी नंतर भागवायची असत, त्यामुळे धंदा वाढवण्याचे पुष्कळसे भांडवल गल्ल्यातूनच उभे राहिले. वऱ्हाडातील कापूस विकल्यावर पैसे देणाऱ्या शेतकरी गिऱ्हाइकावर ज्यांचा व्यवहार चालतो त्या आपल्याकडच्या दुकानांना ही अट सर्वांत जड वाटेल, आणि ती खरोखरच जड आहे. उधारीची वही हा तेथे गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा दोर असतो.

1852 मध्ये सुमारे पाच लाख फ्रँक असलेली विक्री 1860 पर्यंत पन्नास लाखांवर आणि 1863 पर्यंत सत्तर लाखांवर गेली. दुकान एवढे चालत असताना विदो बंधूंपैकी भागीदारीत उरलेले विदो अस्वस्थ झाले. वाढ त्यांना धोक्याची वाटत होती. 1863 मध्ये त्यांनी आपला हिस्सा पंधरा लाख फ्रँकांना बुसिकोंना विकला. हा या प्रकरणातील निर्णयाचा खरा क्षण आहे, आणि वर्गात चर्चा करायची तर याच ठिकाणी थांबावे. विदो चुकले असे आज म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांच्यासमोर एक चालू, फायद्याचे, पुरेसे मोठे दुकान होते आणि शेजारी कर्ज काढून आणखी माल भरू पाहणारा भागीदार होता. आपल्याकडच्या भावाभावांतील वाटण्यांत धाकट्याला जे ऐकावे लागते तेच विदो म्हणत असतील. फरक एवढाच, की येथे वाटणी दुकानाची झाली नाही. एकाने पैसे घेतले आणि दुकान अखंड राहिले. पुढच्या काळात बुसिकोंना भांडवल पुरवणारे मायार हे अमेरिकेत मिठाई आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यात पैसा मिळवलेले गृहस्थ होते.

मग इमारत

9 सप्टेंबर 1869 रोजी नव्या इमारतीची कोनशिला मार्गरीत बुसिको यांच्या हस्ते बसवली गेली. म्हणजे नवी पद्धत लागू झाल्यावर जवळजवळ सतरा वर्षांनी. तोपर्यंत वार्षिक विक्री दोन कोटी फ्रँकांच्या आसपास पोहोचली होती आणि जुन्या जागेत माणसे मावत नव्हती. बांधकाम टप्प्याटप्प्याने चालले आणि 1887 मध्ये पूर्ण झाले. पहिला टप्पा वास्तुकार लाप्लांश यांचा; पुढच्या टप्प्यांत बुआलो हे वास्तुकार आणि लोखंडी कामासाठी गुस्ताव्ह एफेल यांचा सहभाग होता. एफेल टॉवर त्यानंतरचा, 1889 चा.

लोखंडी सांगाड्याचा उपयोग दिखाऊ नव्हता. जाड भिंतींऐवजी सडपातळ खांबांवर मजले उभे राहिल्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर जाई आणि मधल्या चौकांवर काचेचे छत टाकल्यामुळे खालपर्यंत दिवसाचा उजेड उतरे. कापडाचा रंग उजेडात पाहावा लागतो हे कोणत्याही शालूच्या दुकानात दारापर्यंत घडी नेऊन पाहणाऱ्या मावशीला विचारावे. शिवाय वायूच्या दिव्यांखाली सुती आणि रेशमी मालाचे ढीग ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. विजेच्या आधीच्या त्या काळात काचेचे छत ही प्रकाशाची आणि सुरक्षिततेची सोय होती. आज नागपुरात जेव्हा त्याच धर्तीचा काचेचा घुमट बांधला जातो तेव्हा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो आतली हवा तापवतो आणि वातानुकूलनाचे बिल वाढवतो. पॅरिसच्या ढगाळ हिवाळ्यासाठी शोधलेले उत्तर विदर्भातील वैशाखावर चिकटवण्यात शहाणपण नाही, एवढेच येथे म्हणून पुढे जातो.

आकर्षणे आणि त्यांचा हेतू

बाँ मार्शेमध्ये जे पाहायला मिळे त्याची वर्णने वाचताना दुकान आणि जत्रा यांतील सीमारेषा पुसट होते. दिमाखदार जिने, कठड्यांवरून सोडलेले गालिचे आणि रेशमाची थाने, चित्रांचे दालन, वृत्तपत्रे आणि लिहिण्याचा कागद ठेवलेले वाचनालय जेथे बायकोची खरेदी होईपर्यंत नवरा बसू शके, आणि थकलेल्या गिऱ्हाइकांसाठी पेयांची सोय. मुलांना रंगीत चित्रपत्रिका आणि फुगे मिळत. चित्रांची मालिका पूर्ण करायची म्हणून मूल पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा ओढत आणी. 1873 पासून दुकान बंद झाल्यावर मधल्या चौकात संगीताचे कार्यक्रम होऊ लागले आणि त्यांत दुकानातील नोकरांचे वाद्यवृंद व गायनमंडळे भाग घेत. इमारतीचे पडद्यामागचे कामकाज, स्वयंपाकघरे, टपालाचा विभाग, मालाची पाठवणी हे सगळे पाहण्यासाठी पाहुण्यांना फेरीही घडवली जाई.

या सर्वांत मला महत्त्वाचे वाटते ते असे, की यांपैकी कोणतीही सोय खरेदीशी जोडलेली नव्हती. गांधीबागेत लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या मंडळींचे आतिथ्य आठवून पाहावे. गादीवर बसल्याबरोबर पाणी येते, मग चहा, उन्हाळा असेल तर थंड बाटली, आणि दुपार झाली तर समोसेही. हे आतिथ्य मनापासूनचे असते, यात शंका नाही; पण दुसरा चहा घेतल्यानंतर शालू न घेता उठणे वधूच्या आईला जड जाते, आणि दुकानदाराला ते ठाऊक असते. बुसिकोंचा फुगा कोणालाही मिळे, त्यांचे वाचनालय कोणालाही उघडे होते, आणि त्याबद्दल कोणी उपकृत होत नसे. गिऱ्हाइकाला एका खरेदीत अडकवण्यापेक्षा त्याने पन्नास वेळा मोकळेपणी यावे, हा त्यामागचा विचार होता. इमारत, संगीत आणि चित्रे यांना गर्दी जमवता आली ती या मोकळिकीमुळे. तीच भव्यता, पण दारात घासाघीस करणारा विक्रेता, अशी कल्पना करून पाहिली की फरक लक्षात येतो.

विक्रीचे वर्षही त्यांनी आखून घेतले होते. नाताळ आणि नववर्षाची गर्दी सरल्यावर जानेवारी हा पडेल महिना. त्या महिन्यात चादरी, टेबलक्लॉथ, आतले कपडे अशा पांढऱ्या मालाचा मोठा सेल लावण्याची प्रथा बुसिकोंच्या नावावर सांगितली जाते आणि ती युरोपभर पसरली. पडेल दिवसांसाठी घरगुती गरजेचा, फॅशन न बदलणारा माल निवडणे ही त्यातली खुबी होती. ज्यांना पॅरिसला येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी टपालाने मालाची यादी जाऊ लागली; 1894 मध्ये अशा सुमारे पंधरा लाख प्रती पाठवल्या गेल्या, आणि कापडाचे खरे नमुने चिकटवून पाठवण्याचीही पद्धत होती. आगगाडी आणि टपाल यांशिवाय हे झाले नसते. पॅरिसच्या बाबतीत आणखी एक अनुकूलता अशी, की त्याच दशकांत शहराचे प्रशासक ओस्मान यांनी जुन्या गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले आणि घोड्यांच्या बसगाड्या शहराच्या दूरच्या भागांतून गिऱ्हाईक आणू लागल्या.

काउंटरच्या मागची बाजू

नोकरांच्या बाबतीत हे दुकान एकाच वेळी उदार आणि कडक होते. प्रत्येक विभागाचा प्रमुख आपल्या विभागापुरता जवळजवळ स्वतंत्र दुकानदार असे. खरेदी तो करी आणि विक्रीवर त्याला वाटा मिळे. खालच्या विक्रेत्यांनाही विक्रीवर कमिशन असे. दुकानातच जेवण मिळे, अविवाहित तरुणींसाठी राहण्याची सोय होती, संध्याकाळी इंग्रजीचे आणि संगीताचे वर्ग चालत. दुसऱ्या बाजूला कामाचे तास लांब, नियमांची यादी मोठी आणि कामावरून काढणे सहज होते. वरच्या जागा आतल्याच माणसांतून भरल्या जात, त्यामुळे जो टिकला त्याच्यापुढे वाट होती.

31 जुलै 1876 रोजी बुसिकोंनी नफ्यातून नोकरांसाठी भविष्यनिधी सुरू केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, डिसेंबर 1877 मध्ये, ते वारले. त्या वेळी वार्षिक विक्री सात कोटी फ्रँकांवर गेलेली होती. 1879 मध्ये त्यांचा एकुलता मुलगाही गेला. येथे बहुतेक घराणी दुकान विकून मोकळी झाली असती. मार्गरीत यांनी 1880 मध्ये भागीदारीची नवी रचना करून दुकानातील जुन्या अधिकाऱ्यांना आणि नोकरांना हिस्सेदार करून घेतले, 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला, पाश्चर संस्थेला देणगी दिली, आणि 1887 च्या डिसेंबरात त्या वारल्या तेव्हा संपत्तीचा मोठा भाग नोकर, रुग्णालय आणि लोकोपयोगी कामांसाठी ठेवून गेल्या. वारस नसलेले दुकान त्यामुळे तुकडे न होता पुढे चालले. भविष्यनिधी आणि हिस्सेदारी यांकडे केवळ दानत म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या धंद्यात रोजचा गल्ला शेकडो अनोळखी हातांतून जातो तेथे त्या हातांना दुकान टिकण्यात रस असावा, ही कारभाराची गरजही होती.

याची दुसरी बाजू गल्लीतल्या लहान दुकानदारांनी भोगली. हातमोजे, फिती, छत्र्या, खेळणी असा एकेक विभाग मोठ्या दुकानात उघडत गेला तसतसे त्या त्या मालाचे छोटे व्यापारी बुडाले किंवा उपनगरांत सरकले. 1888 मध्ये त्यांनी संघटना उभारून मोठ्या दुकानांवर जादा कर लावण्याची मागणी केली, आणि फ्रान्सच्या संसदेला पुढे तशी पावलेही उचलावी लागली. ऑनलाइन विक्रीविरुद्ध आज आपल्याकडे व्यापारी संघटना जे युक्तिवाद करतात त्यांतले बरेचसे तेव्हाच करून झालेले आहेत.

एम्प्रेस मिलची जमीन

नागपूरकर वाचकाला येथे एक योगायोग खुणावतो. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे बुसिकोंच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. 1867 मध्ये येथे पोहोचलेली रेल्वे, भोवतालचा कापूस आणि वरोऱ्याचा जवळचा कोळसा पाहून त्यांनी मुंबई सोडून हे गाव निवडले आणि जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून घेतली. भर टाकण्यासाठी पैसे मागितले तेव्हा, सोने मातीत पुरण्यासाठी कर्ज देणार नाही असे म्हणणाऱ्या सावकाराची गोष्ट नागपुरात अजून सांगितली जाते. मार्गरीत बुसिकोंनी ज्या वर्षी निवृत्तिनिधी काढला त्याच 1886 मध्ये एम्प्रेस मिलमध्येही कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आली. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण मोठ्या संख्येने माणसे एका छपराखाली कामाला लावल्यावर पडणारा प्रश्न दोघांसमोर एकच होता.

1986 मध्ये मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, 2002 मध्ये बंद पडली, आणि तिच्या जमिनीवर गांधीसागराच्या कडेला आज मॉल उभा आहे. बाँ मार्शेच्या वाट्याला याच्याशी विलक्षण जुळणारा प्रसंग आला होता. अनेक हात बदलून ते दुकान एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या मालकीचे झाले; तो समूह दिवाळखोरीत गेला आणि 1984 मध्ये फ्रेंच उद्योगपती बेर्नार आर्नो यांनी तो ताब्यात घेतला. सूतगिरण्या आणि कापड कारखाने पुढे बहुतांशी विकले गेले किंवा बंद झाले, पण दिऑर ही फॅशन संस्था आणि बाँ मार्शे हे दुकान त्यांनी ठेवून घेतले. तेथेही गिरण्या गेल्या. मात्र विकण्याची पद्धत, नाव आणि गिऱ्हाइकांशी असलेले नाते यांना किंमत उरली होती, म्हणून दुकान राहिले. आज ते उंची मालाचे दुकान आहे आणि जोडइमारतीतील त्याचा खाद्यपदार्थांचा विभाग पाहण्यासाठी परदेशी प्रवासी जातात. नागपुरात गिरणीमागे उरली ती जमीन.

मॉल आणि डिपार्टमेंट स्टोअर यांची आपल्याकडे गल्लत होते, म्हणून हेही नोंदवावे. मॉलचा मालक गाळे भाड्याने देतो. आत कोणता भाव लावायचा आणि माल परत घ्यायचा की नाही हे प्रत्येक भाडेकरू स्वतः ठरवतो. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सर्व विभागांचा माल, हिशेब आणि शब्द एकाच घराचा असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या तक्रारीची भरपाई तळमजल्यावर करता येते, साड्यांच्या विभागाचा नफा पुस्तकांच्या विभागाला सांभाळून नेऊ शकतो, आणि वाचनालयासारखी थेट उत्पन्न न देणारी जागा ठेवण्याचा निर्णय कोणीतरी घेऊ शकतो. भाड्यावर चालणाऱ्या इमारतीत अशा जागेचा प्रत्येक चौरस फूट रिकामा मोजला जातो. पुढे याच टाटा समूहाने 1998 नंतर वेस्टसाइडच्या रूपाने किरकोळ कापडविक्रीत जे केले ते एकाच घराचा माल आणि एकच शब्द या दुसऱ्या वाटेने जाणारे आहे.

सीताबर्डीतल्या एका काउंटरपुरते

मेन रोडवर दोन मजली दुकान असलेल्या एखाद्या नागपुरी घराने या प्रकरणातून काय घ्यावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर इमारतीच्या नकाशाकडे वळणार नाही. बिलाच्या तळाशी "भूलचूक देणे घेणे" या ओळीखाली जी दुसरी ओळ छापलेली असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", तिच्यापासून सुरुवात करावी. ती ओळ काढण्याचा खर्च मोजता येतो. थानातून कापून दिलेले कापड, फॉल-पिको झालेली साडी आणि मापाने शिवायला टाकलेला ब्लाउज परत घेणे शक्य नाही आणि गिऱ्हाईकही ती अपेक्षा ठेवत नाही. पण शर्ट, कुर्ते, चादरी, लहान मुलांचे तयार कपडे यांना ही अडचण नाही. वापरून परत आणणारे काही महाभाग निघतील. त्यांच्यामुळे जाणारा माल आणि निर्धास्तपणे वाढलेली विक्री यांचा वेगळा हिशेब एका वहीत ठेवला, तर वर्षभरात उत्तर हाती येते, आणि ते उत्तर उलटे आले तर त्या एका विभागापुरता पाय मागे घेता येतो. बांधलेल्या मजल्यातून असा पाय मागे घेता येत नाही.

वेळ निवडायची झाल्यास जानेवारीच्या पांढऱ्या सेलचे उदाहरण समोर आहे. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा बस्त्याचा हंगाम यासाठी नको. त्या गर्दीत नवा नियम नोकरांना समजावून सांगायला कोणाला सवड नसते आणि मालकाची भाव सोडण्याची सवयही तेव्हाच सर्वांत अनावर होते. पितृपक्षाच्या पंधरवड्यात लोक नवे कपडे घेत नाहीत, पण चादरी, टॉवेल, पडदे आणि पायपुसणी यांना तो नेम फारसा आड येत नाही, आणि नवरात्र-दिवाळीपूर्वीची घराची झाडलोट पुढे असतेच. तेवढ्याच मालावर ठळक चिठ्ठी, तेवढ्याच मालाला आठ दिवसांत परतीची मुभा, आणि त्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीला कोणालाही न विचारता पैसे परत देण्याचा अधिकार, एवढ्याने प्रयोग सुरू होतो.